ब्राउझरमधील टायमर घटना : ठोका आणि घड्याळ यांतील भेद

सारांश

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या आज्ञावलीत ठराविक अंतराने एखादे काम घडवून आणण्यासाठी टायमर घटनांचा उपयोग केला जातो. या घटना घड्याळाइतक्या नेमक्या असतात, असा समज अध्यापनात आणि प्रत्यक्ष वापरातही आढळतो. प्रस्तुत लेखात टायमर घटना कशी घडते, ती उशिरा का येते आणि तो उशीर कसा साचत जातो, याचे विवेचन केले आहे. स्क्रॅच ही शैक्षणिक प्रणाली आणि महाविद्यालयीन ऑनलाइन चाचणीतील उलटगणती ही दोन उदाहरणे त्यासाठी घेतली आहेत. ठोके मोजून काळ ठरवू नये. काळ घड्याळातून वाचावा आणि ठोक्याचा उपयोग केवळ वाचनाची आठवण म्हणून करावा, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : टायमर घटना, ब्राउझर, जावास्क्रिप्ट, स्क्रॅच, ऑनलाइन चाचणी, कालमापन.

१. प्रस्तावना

मार्च २०२० पासून कोविड-१९ च्या साथीमुळे महाविद्यालयांचे अध्यापन ऑनलाइन झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ६ जुलै २०२० च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी अंतिम वर्षाच्या परीक्षा ऑफलाइन, ऑनलाइन अथवा मिश्र पद्धतीने घेण्याची मुभा दिली आणि २८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने या परीक्षांची आवश्यकता मान्य केली. तेव्हापासून पडद्याच्या कोपऱ्यात सेकंदागणिक घटत जाणारा आकडा विद्यार्थ्यांच्या परिचयाचा झाला. परीक्षा पुन्हा परीक्षागृहात आल्या, तरी घटक चाचणी, प्रश्नमंजूषा, सराव परीक्षा यांसाठी ऑनलाइन माध्यम टिकून राहिले. अनेक महाविद्यालयांत संगणकशास्त्र विभागातील अध्यापक किंवा विद्यार्थी अशा चाचण्यांची पाने स्वतः तयार करतात.

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा हा हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या पाच तालुक्यांचा, प्राधान्याने ग्रामीण जिल्हा आहे. अशा जिल्ह्यात ऑनलाइन चाचणी देणारे सर्वच विद्यार्थी सारख्या साधनांसह बसत नाहीत. एखादा प्रयोगशाळेतील संगणकावर बसतो, तर दुसऱ्याच्या हाती घरातील सर्वांचा मिळून एकच मोबाइल असतो. मध्येच कोणाचा फोन येतो, पडदा आपोआप बंद होतो, बॅटरी वाचवण्यासाठी फोन आपला वेग कमी करतो. या दोघांच्या पडद्यावरील ‘शिल्लक वेळ’ सारखी घटते काय, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटला तरी मुळात तो मूल्यमापनातील समानतेचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर समजून घेण्यासाठी टायमर घटनेचे अंतरंग पाहणे आवश्यक ठरते.

२. टायमर घटनेचे स्वरूप

ब्राउझरमधील आज्ञावलीची प्रमुख भाषा जावास्क्रिप्ट होय. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ती विकसित केली. काळाशी संबंधित कामांसाठी या भाषेला ब्राउझरकडून दोन प्रमुख सुविधा मिळतात. ‘सेटटाइमआऊट’ ही सुविधा दिलेले काम ठराविक काळानंतर एकदाच करते, तर ‘सेटइंटरव्हल’ ते काम ठराविक अंतराने पुनःपुन्हा करते. दोन्हींत काळ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत सांगावा लागतो.

येथे एक सूक्ष्म परंतु महत्त्वाचा भेद लक्षात घ्यावा लागतो. ‘सेटटाइमआऊट’ला १००० हा आकडा दिला, तर त्याचा अर्थ ‘बरोबर एक सेकंदाने हे काम कर’ असा होत नाही. ‘किमान एक सेकंद उलटल्यावर हे काम रांगेत लाव’ एवढाच त्याचा अर्थ होतो. रांगेत लागलेले काम केव्हा हाती घेतले जाईल, हे त्या वेळी पुढे किती कामे आहेत यावर अवलंबून असते.

ब्राउझरमधील एका पानाची आज्ञावली सामान्यतः एकाच धाग्यावर चालते. प्रवेशाच्या दिवसांत महाविद्यालयाच्या कार्यालयात एकच खिडकी उघडी असावी, तशी ही स्थिती असते. खिडकीवरील लिपिक एका विद्यार्थ्याचा अर्ज पूर्ण तपासल्याशिवाय दुसऱ्याचा अर्ज हाती घेत नाही. माउसची टिचकी, कळफलकावरील कळ, सर्व्हरकडून आलेले उत्तर आणि टायमरची घटना या सर्वांना अशाच रांगांतून यावे लागते. रांगेतील पुढचे काम उचलून ते पूर्ण करण्याच्या या अखंड क्रमाला घटनाचक्र म्हटले जाते. टायमरला या चक्रात बळजबरीने घुसण्याचा अधिकार नाही. चालू काम थांबवून तो आपले काम करून घेऊ शकत नाही.

प्रमाणित नियमांनी टायमरला आणखी काही मर्यादा घातल्या आहेत. एका टायमरमधून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा अशी साखळी पाच पातळ्यांपलीकडे गेली, की दोन घटनांतील अंतर ४ मिलिसेकंदांपेक्षा कमी ठेवता येत नाही. दुसऱ्या टोकाला, हा आकडा ३२ बिटांत साठवला जात असल्यामुळे २,१४,७४,८३,६४७ मिलिसेकंदांपेक्षा, म्हणजे सुमारे २४.८ दिवसांपेक्षा अधिक काळ देता येत नाही. त्याहून मोठा आकडा दिल्यास तो ओलांडून जातो आणि काम महिन्याभराने होण्याऐवजी जवळजवळ तत्काळ होऊ शकते.

३. विलंबाची कारणे

टायमर घटना उशिरा येण्याची तीन प्रमुख कारणे सांगता येतील.

पहिले कारण म्हणजे धागा व्यग्र असणे. प्रश्नपत्रिकेतील मोठी आकृती पडद्यावर रेखाटणे किंवा लांबलचक यादीची क्रमवारी लावणे अशा कामाला समजा ३०० मिलिसेकंद लागले, तर त्या अवधीत देय झालेली टायमर घटना तेवढा काळ खोळंबून राहते. हेच काम कमी क्षमतेच्या मोबाइलवर अधिक वेळ घेते. साहजिकच विलंबही तेथेच अधिक होतो.

दुसरे कारण म्हणजे ब्राउझरने जाणीवपूर्वक घातलेला निर्बंध. वापरकर्ता दुसऱ्या पानावर गेला, की मागे राहिलेल्या पानाने विद्युतशक्ती खर्च करत राहू नये, या हेतूने ब्राउझर त्या पानाचे टायमर मंद करतात. अशा लपलेल्या पानाचा टायमर साधारणतः सेकंदाला एकदाच चालू दिला जातो. जानेवारी २०२१ मध्ये आलेल्या क्रोमच्या ८८ व्या आवृत्तीने याहून कठोर नियम आणला. पाच मिनिटांहून अधिक काळ लपलेल्या, आवाज न करणाऱ्या आणि थेट दृक्‌श्राव्य संपर्कात नसलेल्या पानाचे साखळी टायमर मिनिटाला एकदाच तपासले जाऊ लागले. हे नियम ब्राउझरनुसार आणि आवृत्तीनुसार बदलतात. म्हणून त्यांपैकी एखादा नियम गृहीत धरून आज्ञावली लिहिणे धोक्याचे असते.

तिसरे कारण म्हणजे साधन निद्रावस्थेत जाणे. मोबाइलचा पडदा बंद झाला किंवा संगणकाचे झाकण मिटले, की पानाचे काम पूर्णपणे थांबू शकते. साधन पुन्हा जागे झाल्यावर टायमर पुढे चालू लागतो. मात्र मधल्या काळात हुकलेले ठोके भरून दिले जात नाहीत.

४. साचत जाणारा विलंब

एखाद्या ठोक्याला काही मिलिसेकंदांचा उशीर झाला, तर तो वापरकर्त्याच्या लक्षातही येत नाही. अडचण उद्भवते ती ठोके मोजून काळ ठरवण्याच्या पद्धतीत. हा दोष कालमापनाच्या आपल्याकडील जुन्या साधनातही होता. तळाला छिद्र असलेले घटिकापात्र पाण्यावर तरंगत सोडले जाई. ते भरून बुडाले, की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे पूर्ण झाली असे मानून घटिका मोजणारा टोला देई आणि पात्र रिकामे करून पुन्हा पाण्यावर ठेवी. बुडालेले पात्र पुन्हा तरंगत ठेवण्यास प्रत्येक वेळी अर्धा पळ, म्हणजे १२ सेकंद लागले असे समजू. एका घटिकेच्या मानाने हा उशीर नगण्य आहे. परंतु अहोरात्राच्या ६० घटिकांत तो ३० पळांचा, म्हणजे १२ मिनिटांचा होतो. प्रत्येक उशीर पुढच्या घटिकेच्या आरंभात मिसळून जातो आणि घटिका मोजणाऱ्यास त्याची खबरही लागत नाही. घटिकांची गणना सूर्योदयापासून करण्याच्या प्रथेमुळे मात्र ही चूक दुसऱ्या दिवसावर जात नसे. सूर्य हा बाहेरचा, स्वतंत्र संदर्भ होता.

‘सेटटाइमआऊट’ची साखळी हुबेहूब अशीच वागते. प्रत्येक ठोक्यानंतर पुढच्या एका सेकंदाचा टायमर लावला आणि प्रत्येक वेळी १५ मिलिसेकंदांचा उशीर झाला असे मानले, तर ६० मिनिटांच्या चाचणीतील ३,६०० ठोक्यांत ५४ सेकंदांची तफावत पडते. ‘सेटइंटरव्हल’ वापरल्याने स्थिती काहीशी सुधारू शकते. तथापि पान लपल्यावर किंवा साधन निद्रावस्थेत गेल्यावर ठोके हुकतातच. बाहेरचा संदर्भ नसल्यास ही तफावत भरून येण्याचा मार्ग उरत नाही.

५. स्क्रॅचमधील टायमर

हे तत्त्व विद्यार्थ्यांना समजावून देण्यासाठी स्क्रॅच ही प्रणाली विशेष उपयुक्त आहे. अमेरिकेतील एमआयटी मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटाने विकसित केलेली ही प्रणाली २००७ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. २०१३ मधील दुसऱ्या आवृत्तीपासून ती ब्राउझरमध्ये चालू लागली आणि २ जानेवारी २०१९ रोजी आलेली तिसरी आवृत्ती जावास्क्रिप्टवर आधारलेली आहे. त्यामुळे वर वर्णन केलेले सर्व नियम तिलाही लागू पडतात.

स्क्रॅचचे अंतर्गत यंत्र सामान्यतः सेकंदाला ३० वेळा एकेक पायरी पुढे सरकते. प्रत्येक पायरीत चालू असलेल्या सर्व संहितांना थोडे थोडे काम करू दिले जाते. ‘वेट’ हा ठोकळा आला, की यंत्र त्या क्षणाची नोंद करते आणि पुढच्या प्रत्येक पायरीवर दिलेला काळ उलटला काय, हे घड्याळात पाहते. याचा परिणाम असा, की ‘वेट’ नेहमी कोणत्या तरी पायरीच्या सीमेवर संपतो आणि त्यास एका पायरीपर्यंत, म्हणजे सुमारे ३३ मिलिसेकंदांपर्यंत उशीर होऊ शकतो. ‘एक सेकंद थांब, शिल्लक वेळेतून एक वजा कर’ ही कृती ६० वेळा केल्यास केवळ या कारणाने तफावत दोन सेकंदांच्या घरात जाऊ शकते.

याउलट ‘टायमर’ हा ठोकळा ठोके मोजत नाही. तो पुन्हा शून्यावर आणल्यापासून किती काळ गेला, हे घड्याळातून वाचून सांगतो. म्हणून ‘शिल्लक वेळ = ६० वजा टायमर’ अशी रचना केल्यास पायऱ्या कितीही मंदावल्या तरी दिसणारा आकडा खऱ्या काळाशी जुळतो. वरील दोन्ही रचना विद्यार्थ्यांकडून एकाच प्रकल्पात शेजारी शेजारी करून घ्याव्यात. फरक त्यांना डोळ्यांनी दिसतो.

टायमरवर आधारित घटनेच्या ठोकळ्यातही शिकण्यासारखे आहे. तेथे ‘टायमर १० पेक्षा मोठा झाल्यावर’ अशी अट आहे. ‘१० इतका झाल्यावर’ अशी नाही. एका पायरीवर वाचन ९.९८ असेल आणि पुढच्या पायरीवर १०.०१ असेल, तर नेमके १० हे वाचन कधीच हाती लागत नाही. शिवाय अट खोटी असताना खरी होते, त्या संक्रमणाच्या क्षणीच ही घटना घडते. त्यानंतर टायमर पुन्हा शून्यावर आणल्याशिवाय ती दुसऱ्यांदा घडत नाही. तसे नसते, तर दहाव्या सेकंदानंतर प्रत्येक पायरीवर तीच घटना घडत राहिली असती. काळाशी संबंधित अटी समानतेने न लिहिता ओलांडण्याच्या भाषेत लिहाव्यात, हा धडा येथून घेता येतो.

६. ऑनलाइन चाचणीतील उलटगणती

आता मूळ प्रश्नाकडे वळू. चाचणीचे पान केवळ ठोके मोजत असेल आणि विद्यार्थ्यास सात मिनिटांचा फोन आला असेल, तर काय होईल? पान लपले, पण चालू राहिले, तर क्रोम ८८ च्या नियमानुसार शेवटच्या दोन मिनिटांत १२० ऐवजी दोनच ठोके पडतील आणि पडद्यावरील वेळ जवळजवळ दोन मिनिटांनी मागे राहील. पान पूर्णपणे थांबले, तर ती सात मिनिटांनी मागे राहील. यातून दोनच शक्यता संभवतात. सर्व्हरवर वेळेची तपासणी नसेल, तर त्या विद्यार्थ्यास सात मिनिटे अधिक मिळतात आणि इतरांवर अन्याय होतो. तपासणी असेल, तर पडद्यावर सात मिनिटे शिल्लक दिसत असताना त्याची उत्तरपत्रिका बंद होते आणि अन्याय त्याच्यावर होतो. दोन्ही प्रसंगी विद्यार्थ्याचा दोष काहीच नसतो.

हे टाळण्यासाठी पुढील कार्यपद्धती सुचवता येईल.

(अ) विद्यार्थ्याने चाचणी सुरू करताच सर्व्हरने समाप्तीची वेळ आपल्याकडे नोंदवावी. पुढील सर्व निर्णय या एकाच नोंदीवरून व्हावेत.

(आ) सर्व्हरने पानास समाप्तीची घड्याळी वेळ न पाठवता शिल्लक काळ मिलिसेकंदांत पाठवावा. विद्यार्थ्याच्या मोबाइलमधील घड्याळ मागे-पुढे असू शकते. ते मुद्दाम बदलताही येते.

(इ) शिल्लक काळ हाती येताच पानाने ‘परफॉर्मन्स नाऊ’ या सुविधेचे वाचन टिपून ठेवावे. ‘डेट नाऊ’ ही सुविधा साधनातील घड्याळावर अवलंबून असल्याने घड्याळ दुरुस्त केल्यास मागे उडी घेऊ शकते. ‘परफॉर्मन्स नाऊ’चे वाचन कधीही मागे जात नाही. त्यानंतर प्रत्येक वेळी पुढील सूत्राने हिशेब करावा :

शिल्लक वेळ = सर्व्हरकडून मिळालेला शिल्लक काळ − (आताचे वाचन − तो काळ मिळाला त्या क्षणीचे वाचन)

(ई) टायमरचा ठोका केवळ हा हिशेब पुन्हा करून आकडा पडद्यावर लिहिण्यासाठी वापरावा. गेलेल्या काळास १००० ने भागून उरणारी बाकी १००० मधून वजा करावी आणि येणाऱ्या संख्येइतका पुढचा टायमर लावावा. त्यामुळे प्रत्येक ठोका सेकंदाच्या सीमेजवळ पडतो आणि एका ठोक्याचा उशीर दुसऱ्यावर जात नाही.

(उ) साधन निद्रावस्थेत असताना ‘परफॉर्मन्स नाऊ’चे वाचन सर्व प्रणालींत सारखे पुढे सरकत नाही. यासाठी पान पुन्हा दृश्यमान झाल्याची घटना ऐकावी आणि त्या क्षणी सर्व्हरला शिल्लक काळ नव्याने विचारावा. पुढील हिशेब या नव्या उत्तरावरून करावा.

(ऊ) उत्तरपत्रिका स्वीकारण्याचा अंतिम निर्णय सर्व्हरने आपल्या नोंदीवरून घ्यावा. सर्व्हरचे उत्तर पोहोचण्यास ८०० मिलिसेकंद लागले, तर पडद्यावर तेवढाच अधिक काळ दिसतो; उत्तरपत्रिका परत पोहोचण्यासही वेळ लागतो. मंद नेटवर्क असलेल्या गावांचा विचार करून काही सेकंदांची सवलत ठेवावी आणि ती सर्वांना सारखीच असावी.

या रचनेत सर्व्हर हा उलटगणतीचा सूर्योदय ठरतो. पानावरील ठोके चुकले, तरी पुढच्या वाचनात चूक आपोआप नाहीशी होते.

७. नेमकेपणाची गरज आणि मर्यादा

किती नेमकेपणा पुरेसा, हे कार्यावर अवलंबून असते. याचे दुसरे टोक हिंगोली जिल्ह्यातच उभे राहत आहे. गुरुत्वीय लहरींचा वेध घेणाऱ्या लायगो-इंडिया या वेधशाळेसाठी औंढा नागनाथ परिसराची निवड झाली आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१६ मध्ये या प्रकल्पास तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली. १४ सप्टेंबर २०१५ रोजी प्रथमच नोंदली गेलेली गुरुत्वीय लहर अमेरिकेतील लिव्हिंग्स्टन येथील वेधशाळेत आधी आणि हॅनफर्ड येथील वेधशाळेत सुमारे ७ मिलिसेकंदांनी नंतर पोहोचली. लहर आकाशातील कोणत्या दिशेने आली, याचा अंदाज मुख्यतः अशा अंतरावरूनच बांधता येतो. म्हणून त्या वेधशाळांच्या नोंदी जीपीएसच्या काळाशी १० मायक्रोसेकंदांपेक्षाही अधिक काटेकोरपणे जुळवलेल्या असतात.

ब्राउझरमधील टायमरला हे साध्य होणे शक्य नाही. २०१८ मध्ये स्पेक्टर नावाची प्रोसेसरमधील सुरक्षात्रुटी उघड झाल्यानंतर तर ब्राउझरांनी आपल्या घड्याळाची सूक्ष्मताही मुद्दाम कमी केली. चाचणीच्या उलटगणतीस तेवढ्या सूक्ष्मतेची आवश्यकताही नाही. एका सेकंदाचा नेमकेपणा तिला पुरतो. मात्र तत्त्व दोन्हीकडे एकच आहे. वेधशाळा आपल्या स्थानिक यंत्राच्या स्पंदनांवर विसंबून न राहता बाहेरच्या संदर्भाशी त्यांची सतत पडताळणी करते. चाचणीच्या पानानेही तेच करणे अपेक्षित आहे.

८. निष्कर्ष

(१) ब्राउझरमधील टायमर घटना ही ‘या वेळेपूर्वी नाही’ एवढीच हमी देते. ‘याच वेळी’ अशी हमी ती देत नाही.

(२) व्यग्र धागा, लपलेले पान आणि निद्रिस्त साधन या कारणांनी ठोके उशिरा पडतात अथवा हुकतात. त्याची झळ कमी क्षमतेचे साधन वापरणाऱ्या विद्यार्थ्यास अधिक बसते.

(३) ठोके मोजल्यास विलंब साचत जातो. घड्याळ वाचल्यास तो साचत नाही.

(४) ज्या मोजणीवर कोणाचे हित अवलंबून आहे, तिचा अंतिम संदर्भ वापरकर्त्याच्या साधनाबाहेर असावा.

अध्यापकांनी वर्गात एक सोपा प्रयोग अवश्य करावा. एकाच पानावर दोन आकडे दाखवावेत. एक ठोके मोजून वाढणारा, दुसरा घड्याळातून वाचलेला. पान दहा मिनिटे लपवून ठेवावे आणि मग दोन्ही आकड्यांची तुलना करावी. प्रयोगशाळेतील संगणक आणि विद्यार्थ्यांचे स्वतःचे मोबाइल या दोहोंवर हा प्रयोग केल्यास मिळणारा तक्ता विद्यार्थ्यांना घटनाचक्राची ओळख करून देईल. आपण घेतलेल्या चाचणीत कोणाला किती वेळ मिळाला असावा, याचा अंदाज घेण्यासही तो तक्ता अध्यापकांच्या उपयोगी पडेल.